उंदराच्या अंगातील विषाणूचे गणित

महोदय,

मार्च २०२० मध्ये चीनमध्ये बसप्रवासात दगावलेल्या एका कामगाराला हंताविषाणूची लागण झाली होती, हे कळताच आपल्याकडे ‘आता हा नवा विषाणू’ असे संदेश घरोघरी फिरू लागले. वास्तविक उंदरांकडून माणसात येणारा हा विषाणू शास्त्रज्ञांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. अशा विषाणूंविषयी बातमी देताना ‘उत्परिवर्तन (जनुकीय बदल) आढळले’ एवढ्यावरच मथळा करण्याची पद्धत पडली आहे. तिच्याविषयी हे पत्र आहे.

अमेरिकेत न्यू मेक्सिको आणि आसपासच्या राज्यांत १९९३ साली तरुण, धडधाकट माणसे श्वास कोंडून दगावू लागली, तेव्हा उजेडात आलेला ‘सिन नोंब्रे’ हा हंताविषाणू घ्या. त्याच्या जनुकसंचात, म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या त्याच्या आराखड्यात, सुमारे १२ हजार अक्षरे आहेत; प्रत्येकाच्या जागी उरलेल्या तिघांपैकी एक येऊ शकते, म्हणजे एका अक्षराचे बदल सुमारे ३६ हजार प्रकारचे संभवतात. त्याच्यासारखे आरएनए विषाणू (ज्यांचा जनुकसंच आरएनए या रेणूचा असतो) स्वतःची नक्कल करताना दहा हजार ते दहा लाख अक्षरांमागे साधारण एक चूक करतात. मधला दर, म्हणजे लाखामागे एक चूक, धरला तर दहा लाख नकलांत लाखाहून अधिक चुका होतात आणि जवळजवळ प्रत्येक एकेरी बदल कुठे ना कुठे घडून गेलेला असतो. याउलट दोन ठरावीक बदल एकाच नकलेत एकदम घडायला दहा हजार कोटींच्या घरात नकला लागतील. तेव्हा बदल घडला का, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. तो टिकला का आणि पुढच्या शरीरात पोहोचला का, हे विचारायला हवे.

याच कामासाठी गणिती प्रारूपे वापरतात. निरोगी पेशी, बाधित पेशी आणि मोकळे विषाणू यांची वाढ-घट मांडणारी तीन समीकरणे हा त्यांचा पाया असून, न्यू मेक्सिकोतल्याच लॉस अलामोस प्रयोगशाळेतील ॲलन पेरेलसन यांनी १९९० च्या दशकात एचआयव्हीच्या अभ्यासात ही रीत रुजवली. हंताविषाणूला मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. हा विषाणू केशवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींत शिरतो, पण त्यांना थेट मारत नाही. वाहिन्या पाझरू लागतात त्या मुख्यतः शरीराच्या प्रतिकाराच्या भडक्यामुळे, असे मानले जाते. म्हणजे समीकरणातले ‘बाधित पेशी मरते’ हे पद प्रतिकारशक्तीशी जोडून नव्याने लिहावे लागते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

शिवाय शरीर कोणाचे, यावर उत्तर बदलते. ‘डिअर माउस’ या रानउंदरात सिन नोंब्रे दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, नांदतो आणि उंदीर आजारी दिसतही नाही. कोणता बदल टिकेल या निवडीचा खेळ तिथे चालतो. माणसात तो काही आठवड्यांचा पाहुणा असतो, आणि रुग्णाच्या शरीरात घडलेले बदल बहुधा त्याच्याबरोबरच संपतात. अपवाद दक्षिण अमेरिकेतल्या ‘अँडीज’ या हंताविषाणूचा; तो माणसाकडून माणसालाही लागतो. अर्जेंटिनातील एपुयेन गावात नोव्हेंबर २०१८ मध्ये अंगात ताप असलेला एक जण वाढदिवसाच्या समारंभाला गेला आणि तिथून सुरू झालेल्या साखळीत ३४ जणांना लागण होऊन ११ दगावले. तरीही त्या विषाणूची जनुकीय ठेवण अर्जेंटिनातल्याच १९९६ च्या साथीतील अँडीज विषाणूशी मिळतीजुळतीच निघाली. एक रुग्ण सरासरी दोघांना लागण देत होता, तो आकडा विलगीकरणानंतर एकाच्या खाली आला.

आपल्या विज्ञानविषयक बातमीदारांना विनंती, की यापुढे अशा विषाणूतील बदलाची बातमी देताना नमुना उंदराचा होता की माणसाचा, एकाच प्राण्याचे रक्त किती वेळा तपासले आणि तो बदल दुसऱ्या शरीरातही सापडला का, हे तीन तपशील जरूर द्यावेत. ते मूळ शोधनिबंधात नसतील, तर तसेही छापावे.

आपली विश्वासू,
गणिताची एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली