‘प्रेमळ आणि कष्टाळू’ एवढंच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरातली नव्वदीपारची आजी गेली की स्मृतिलेख येतो. त्यात ती ‘प्रेमळ’ असते, ‘कष्टाळू’ असते. जन्मसाल, माहेरचं नाव, भावंडांत ती कितवी हे मात्र बहुधा नसतं. कारण ते तिला कधी विचारलेलंच नसतं.

‘तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ म्हटलं की उत्तर येतं, ‘त्यात काय सांगायचंय!’ त्यापेक्षा विचारावं, ‘लहानपणीच्या घराच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला काय होतं?’ घर खोलीखोलीनं उघडत जातं आणि खोलीखोलीत माणसं सापडतात. उतारवयात साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट असतात, तेव्हा सुरुवात तिथूनच. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प बसावं. नातवंडं नेमकी तेवढ्यात तोंड घालतात आणि ओठांवर आलेली आठवण मागे फिरते. बैठक पाऊण तासात आटोपावी.

म्हातारपणी आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून ओरडून फायदा नाही. ओठ दिसतील असं समोर बसून, सावकाश, किंचित खालच्या पट्टीत बोलावं. ध्वनिमुद्रणासाठी फोन हातभर अंतरावर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवावा. नुसत्या टेबलावर ठेवला तर टेबलाला बसलेला प्रत्येक धक्का आवाजात उतरतो. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. मधेच कॉल आला तर मुद्रण तुटू शकतं.

साल थेट विचारू नये. ‘धाकट्याच्या जन्माआधी की नंतर?’ हे जास्त खात्रीचं. वय सांगताना माणसं शून्य किंवा पाचवर संपणारा आकडा धरतात. जनगणनेतही ही खोड दिसते. फ्रान्सच्या जीन काल्माँ यांचं 122 वर्षं 164 दिवसांचं, म्हणजे आजवरचं सर्वांत दीर्घ, आयुष्य ग्राह्य धरलं गेलं ते जन्मनोंद आणि लागोपाठच्या जनगणना जुळल्या म्हणून. दोन कागदांवर दोन जन्मतारखा निघाल्या तर दोन्ही लिहाव्यात, कुठली कशावरून घेतली त्यासकट.

फोटोंच्या बाबतीत हमखास चुका होतात. मागे बॉलपेननं लिहिलं की दाब पुढच्या बाजूला उमटतो. जुन्या कागदावर कडेला मऊ पेन्सिल चालते. गुळगुळीत नव्या कागदावर ती उमटत नाही, तिथे पाकिटावर आधी लिहून मग फोटो आत सरकवावा. ‘काकू’ असं तर मुळीच लिहू नये. पन्नास वर्षांनी ती कोणाची काकू? डावीकडून उजवीकडे, पूर्ण नावं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नये. अख्ख्या पानाचाच फोटो घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तो दाबून लहान होतो. मूळ फाइल त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणी ठेवावी.

आपणही स्मृतिलेख स्वीकारताना जन्मसाल, माहेरचं नाव आणि छायाचित्रातल्यांची पूर्ण नावं हे तीन रकाने सक्तीचे करावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक