परिपत्रके तरी मराठीतून द्या

महोदय,

बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आले की सुवर्ण विधानसौधच्या वाटेवर बॅरिकेड लागतात, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली जाते आणि मुंबईतून दोन निषेधाची पत्रके निघतात. यंदाही वेगळे काही होईल असे वाटत नाही. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून प्रलंबित आहे. तो निकाली निघेल तेव्हा निघेल; तोवर इथल्या मराठी माणसाने जमिनीच्या कन्नड उताऱ्यावर काय लिहिले आहे हे कुणाकडून वाचून घ्यायचे?

जिल्हा, तालुका वा नगरपालिका क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील, तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे केंद्राने मान्य केलेले धोरण आहे. बेळगाव, खानापूर तालुक्यांत मराठी भाषक याहून कितीतरी अधिक आहेत. कन्नडला कुणाचा विरोध नाही. सोबत मराठी हवी, इतकेच. प्रचारपत्रके मात्र निवडणुकीत सर्वच पक्षांना बरोबर मराठीतून छापता येतात!

सीमाभागातल्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, या अधिवेशनात हा प्रश्न लेखी विचारावा. समितीच्या नेत्यांनीही आपसातले गट थोडे बाजूला ठेवून तहसील कार्यालयात याचा पाठपुरावा करावा.

– एक वाचक, खानापूर