‘बंधुता’ कोलामीतही कळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदाच्या २६ जानेवारीला आमच्या गावच्या शाळेत झेंडावंदन झाले. दोरी आदल्या संध्याकाळीच तपासून ठेवली होती, केशरी पट्टी वर आहे ना हे दोघांनी पाहिले. राष्ट्रगीतानंतर एका मुलीने संविधानाची उद्देशिका न अडखळता म्हटली.

पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, एक आजी नातवासोबत आली होती. कार्यक्रम आटोपल्यावर बुंदीचा पुडा हातात धरून तिने नातवाला आपल्या कोलामी बोलीत काहीतरी विचारले. पोरगा सांगू लागला आणि एका शब्दाशी अडला. माझ्याकडे येऊन म्हणाला, “काका, बंधुता म्हंजे काय?” मी म्हटले, “आपण पाळीपाळीनं एकमेकाच्या वावरात निंदाले जातो ना, कोणाचंच वावर मांगं राहू देत नाही, तसं.” त्याने ते आजीला सांगितले. ती लगेच माझ्याकडे वळून म्हणाली, “मंग हे त आमच्या पोडावर हायेच.”

संविधान सभेच्या १९४७ सालच्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला. आणि इतकी वर्षे तो शब्द दरवर्षी कानावर पडूनही त्या माउलीपर्यंत पोचला नव्हता, याचे मला फार वाईट वाटले.

संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगणाऱ्या कलम ५१क मधले पहिलेच कर्तव्य राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर करण्याचे आहे. ते आमचे गाव मनापासून पाळते. पण त्याच यादीत आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचेही कर्तव्य आहे, त्याचे काय? हाच पोरगा पहिलीत असताना वर्गात कोलामीत बोलला की बाकीची मुले हसत. पुढे त्याने वर्गात बोलणेच सोडले होते. जन गण मन मात्र तो तेव्हाही खड्या आवाजात म्हणायचा.

संविधानाने मान्य केलेल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत, कोलामी नाही, गोंडी नाही, मेळघाटातली कोरकूही नाही. तो निर्णय दिल्लीत व्हायचा तेव्हा होईल. उद्देशिकेचा अर्थ मुलांच्या घरच्या बोलीत सांगायला मात्र कोणी अडवलेले नाही. अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे कलम ३५०क सांगतेच. पाठ्यपुस्तके होतील तेव्हा होवोत. राष्ट्रीय सणाला दहा मिनिटे काढायला निधी लागत नाही, त्या बोलीचा एक जाणता माणूस लागतो, आणि तो प्रत्येक पोडावर, प्रत्येक गोंड पाड्यावर आहे.

येत्या १५ ऑगस्टला हा अर्थ त्या आजीनेच कोलामीत सांगावा, असे मी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीला सुचवले आहे. आजी तयार आहे.

– एक शेतकरी वाचक, ता. केळापूर, जि. यवतमाळ