विंच घेताना डब्यावरचा आकडा नको, आतलं पत्रक वाचा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आडवाटेवर गाडी घालणाऱ्यांसाठी इलेक्ट्रिक विंचवर, म्हणजे रुतलेली गाडी दोर गुंडाळून ओढून काढणाऱ्या यंत्रावर, लेख आला होता, सोबत विंच वापरणाऱ्या एका मुलाचा फोटोही. मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. २६ वर्षं वायरिंगमध्ये हात काळे करतोय, पण विंचवर वर्तमानपत्रात कधी काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे लेख दोनदा वाचला. त्यातला एक सल्ला मात्र घशाखाली उतरला नाही. शंका असेल तर डोळे झाकून १२,००० पौंड ओढीची विंच घ्यावी, असं लेखक म्हणतात. मीही एकदा तसंच केलं होतं, डोळे झाकून.

माझी गाडी माणसं आणि सामान धरून २,३०० किलो भरते. तिच्यावर मी १२,००० पौंडांची, म्हणजे साधारण ५,४४० किलोंची विंच चढवली. बॅटरी गाडीसोबत आलेलीच ठेवली. विंचचा करंट एकदम तोडणारा मेन स्विच नंतर बसवू म्हटलं. दुसऱ्याच्या गाडीला मी असं कधी करून दिलं नसतं, पण स्वतःच्या गाडीत सगळेच असे असतात. पुढे एका ओढ्यात चाकं रुतली. पलीकडच्या झाडाला दोर बांधला, इंजिन चालू ठेवून बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात हेडलाइट पिवळे पडले आणि सोलेनॉइड, म्हणजे बटण दाबलं की मोटारीला करंट जोडणारा विजेवरचा स्विच, टकटक वाजायला लागला. ही टकटक मला ओळखीची आहे. व्होल्टेज पडलं की आतली कॉइल संपर्कपट्टी घट्ट धरून ठेवू शकत नाही, ती धरते-सोडते, दर वेळी ठिणगी पडते आणि शेवटी पट्टी चिकटून बसते. तसंच झालं. गाडी चिखलातून सुटली, मी बटणावरचा अंगठा काढला, पण दोर गुंडाळणारा ड्रम फिरतच राहिला. उलट भार हलका झाल्यामुळे आणखी जोरात. गाडी ओढ्याबाहेर आली आणि निवांत झाडाकडे निघाली. १० नंबरचा पाना घेऊन बॅटरीची टर्मिनल सोडवेपर्यंत बंपर आणि खोड यांच्यात दोन हात अंतर उरलं होतं.

यात विंच मोठी होती हा दोष नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी पत्र लिहील की तेवढीच ओढ असेल तर मोठी विंच कमी करंट घेते. बहुतेक वेळा घेते, कारण तिचं गिअर गुणोत्तर जास्त असतं. पण ती हळू चालते, जड असते, आणि माणसाला वाटतं की एवढा आकडा घेतला म्हणजे बाकीचं काही बघायला नको. दोष तिथे होता. विंचच्या डब्यावर एक मोठा आकडा छापलेला असतो आणि आत घडी घालून ठेवलेल्या कागदावर दोन छोटी कोष्टकं असतात. निवड त्या कोष्टकांवरून करायची.

पहिलं कोष्टक थरांचं. डब्यावरची ओढ ही ड्रमवर दोराचा फक्त पहिला थर असतानाची असते. दोर थरावर थर गुंडाळला की ड्रम जाड होतो आणि जाड ड्रमची ओढ कमी होते. मोठ्या चाकाचा रहाट ओढायला जड जातो, तसंच. उदाहरणार्थ, ९,५०० पौंडांची विंच घ्या, ड्रमचा व्यास ६४ मिलिमीटर, दोर ९ मिलिमीटर. पहिल्या थरात मोटारीला साडेछत्तीस मिलिमीटर त्रिज्येवर ओढायचं असतं, चौथ्या थरात साडेत्रेसष्टवर. म्हणजे ४,३०० किलोंची विंच चौथ्या थरावर सुमारे २,४८० किलोंची होते. झाड जवळ आहे म्हणून आपण खूश होतो, चार हात दोर सोडतो आणि विंचला तिच्या सर्वांत दुबळ्या जागी कामाला लावतो. याच्यावर उपाय म्हणजे लांबचा आधार शोधायचा किंवा कप्पी वापरायची.

कप्पीबद्दल लेखात एक ओळ होती. मी असतो तर अर्धा रकाना दिला असता. दोर कप्पीतून फिरवून परत गाडीलाच अडकवला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. दोर जास्त सुटतो, त्यामुळे ड्रमवरचे थर आपोआप कमी होतात, हा वरचा फायदा. मोटारीवरचा भार निम्मा, म्हणून करंटही बराच खाली येतो. मोठी विंच घेण्याऐवजी बेताची विंच आणि एक चांगली कप्पी हे समीकरण मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय. फार थोडे ऐकतात, कारण कप्पी बंपरवर मिरवता येत नाही.

बेताची म्हणजे किती? गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट, हा जुना ठोकताळा आहे आणि तो बरोबर आहे. वजन मात्र भरलेलं धरायचं. माहितीपुस्तिकेतलं रिकाम्या गाडीचं वजन धरून लोक फसतात. टपावरचा स्टँड, जादा टायर, पाण्याचे कॅन आणि मागच्या सीटवरची तीन माणसं त्यात नसतात. माझ्या २,३०० किलोंना दीडने गुणलं तर ३,४५० किलो, म्हणजे ७,६०० पौंड. त्यामुळे ९,५०० पौंडांची विंच मला पुरून उरते. दीडपटच का, तर चाकांइतक्या चिखलात रुतलेली गाडी ढोबळमानाने स्वतःच्या वजनाइतकी ओढ मागते आणि मडगार्डापर्यंत गेली की दुप्पट. त्यात चढ असेल तर भर पडते. ३० अंशांच्या चढावर नुसत्या चढाचाच भार गाडीच्या वजनाच्या निम्मा होतो. मडगार्डापर्यंत रुतली असेल तर आधी फावडं घ्या, मग कप्पी.

दुसरं कोष्टक करंटचं, आणि इथे माझं जरा पाल्हाळ होईल, धंदाच तो. १२ व्होल्टची विंच रिकामी फिरतानाही ६०-७० अँपिअर खाते आणि पूर्ण भारावर ४०० किंवा त्याहून जास्त. ४०० अँपिअर म्हणजे मिनिटाला साडेसहा अँपिअर-अवरच्या वर. साध्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज बनवणारं यंत्र, ८० ते १२० अँपिअरचा, तोही आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, त्याच्या बराच खाली. म्हणून विंच चालवताना इंजिन १,५०० आरपीएमच्या आसपास धरायचं. उरलेला सगळा करंट बॅटरीच्या अंगातून जातो. आता वीज किती गेली आणि काम किती झालं ते बघा. १२ गुणिले ४००, म्हणजे ४,८०० वॅट आत गेले. ४,३०० किलोंची ओढ मिनिटाला दीड मीटर वेगाने झाली तर जेमतेम १,०५० वॅटचं काम झालं. बाकीचे, चारातले तीन हिस्से, मोटारीत, गिअरमध्ये आणि केबलीत तापून गेले. म्हणूनच पूर्ण भारावर एका दमात मिनिटभरापेक्षा जास्त ओढायचं नाही. थांबा, मोटारीला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर गप्पा मारा, घाई कसली आहे?

बॅटरी घेताना नुसते अँपिअर-अवर बघू नका, थंडीत इंजिन फिरवण्याच्या क्षमतेचा जो आकडा लेबलवर असतो तो बघा. ६५०च्या खाली जाऊ नका. केबल कंपनीने दिली असेल तीच वापरा, आखूड पडते म्हणून मध्ये जोड देऊ नका. अर्थची तार बंपरच्या रंगलेल्या बोल्टला लावलेली मी इतक्या गाड्यांवर पाहिली आहे की मोजणं सोडून दिलं. ती सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला न्यायची. आणि पॉझिटिव्हवर, हात पोहोचेल अशा जागी, मेन स्विच. तो कशासाठी, ते वर सांगून झालं आहे.

मोटारीबद्दल थोडक्यात. कायमच्या चुंबकाची मोटार करंट कमी घेते, पण तापली की तिचा जोर उतरतो. कधीतरी वापरणाऱ्याला ती चालते. रोज चिखलात असणाऱ्याने सिरीज वाउंड, म्हणजे चुंबकाऐवजी तारेच्या गुंडाळ्यांची, घ्यावी. गिअर आजकाल बहुतेक सगळीकडे प्लॅनेटरीच, म्हणजे मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणारे, मिळतात.

दोरावर लेखकांनी सिंथेटिकची भलामण केली आहे आणि मी बराचसा त्यांच्या बाजूचा आहे. हलका असतो, पाण्यावर तरंगतो, हाताला कुसळं टोचत नाहीत आणि तुटला तर पोलादी दोरासारखा चाबकागत उसळत नाही. पण त्याची एक खोड त्यांनी सांगितली नाही. तो साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि प्लॅनेटरी विंचचा ब्रेक बहुतेक वेळा ड्रमच्या आतच असतो. भार धरून गाडी उतारावरून खाली सोडली की तो ब्रेक तापतो, ड्रम तापतो आणि आतला थर हळूहळू शिजतो. बाहेरून काही दिसत नाही. चढावर ओढण्यासाठी सिंथेटिक उत्तम. वारंवार भारासकट खाली सोडायचं असेल तर ब्रेक ड्रमच्या बाहेर असलेली विंच बघा किंवा पोलादी दोरावर राहा. शिवाय पोलादी दोर काढून सिंथेटिक घातला तर दोर ज्यांच्यामधून बाहेर येतो ते पुढचे रोलरही बदला. पोलादाने त्यांच्यावर चरे पाडलेले असतात, ते नवा दोर विळीसारखे कापतात. त्यांच्या जागी गुळगुळीत अॅल्युमिनियमचा फेअरलीड, म्हणजे दोर बाहेर यायची खाच, लावायचा.

वजनाचंही बघा. पोलादी दोरासकट विंच आणि ती बसवायची पट्टी मिळून गाडीच्या नाकावर एका सडपातळ माणसाइतकं वजन कायमचं बसतं. पुढची स्प्रिंग त्याप्रमाणे बदलावी लागते. आणि पट्टी चासीला बोल्ट केलेली हवी, बंपरला नव्हे. बंपर सुटून दोरामागे गेलेला मी पाहिला आहे.

आता लेखासोबतच्या त्या मुलाच्या फोटोबद्दल. लेखापेक्षा जास्त लोकांनी तोच पाहिला असणार. पोलादी दोर ताणलेला आहे, हातात मोजे नाहीत, मुलाचा एक पाय दोराच्या अलीकडे आणि एक पलीकडे. दोरावर ओझं म्हणून साधं जाकीटसुद्धा टाकलेलं नाही. झाडाला पट्टा न लावता दोरच खोडाभोवती फिरवून हूक त्याच दोरात अडकवला आहे. यात साल सोलली जाते आणि दोराला अशी मुरड पडते की तो पुन्हा सरळ होत नाही. पुढच्या वेळी फोटो निवडताना तो एखाद्या क्रेनवाल्याला दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.

त्या मुलाशी आपला संपर्क असेल तर त्याला माझा एक निरोप द्यावा. पोलादी दोराचे निदान पाच वेढे ड्रमवर राहिले पाहिजेत, सिंथेटिकचे आठ-दहा. कारण दोराचं टोक ड्रमला जिथे अडकवलेलं असतं ती जागा ओढ सोसायला केलेली नसते, ओढ वेढ्यांच्या घर्षणावर तोललेली असते. मी भिंग घेऊन मोजले. फोटोत तीनच आहेत.

आपला,
एक वाचक