सूचना : मोतो हागिओ यांच्या कथासंग्रहावरील अभिप्राय

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, जपानी मांगाकार (म्हणजे जपानी चित्रकथांच्या लेखिका-चित्रकार) मोतो हागिओ यांच्या ‘अ ड्रंकन ड्रीम अँड अदर स्टोरीज’ या २०१० साली इंग्रजीत आलेल्या दहा कथांच्या संग्रहावरील आपले लेखी अभिप्राय येत्या रविवारपर्यंत पाठवावेत. आलेल्या बहुतेक अभिप्रायांत ‘इग्वाना गर्ल’ या १९९२ सालच्या कथेचाच उल्लेख आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. आईला आपली मुलगी रिका ही इग्वाना (सरड्याच्या जातीचा मोठा प्राणी) दिसते, रिकालाही आरशात तेच दिसते, इतरांना मात्र ती चारचौघींसारखी मुलगी वाटते, आणि पुढे मृत आईच्या चेहऱ्याच्या जागी रिकाला इग्वानाचा चेहरा दिसतो, त्या चित्रापाशी अनेकांनी पुस्तक मिटून ठेवल्याचे कळविले आहे. तथापि ‘विचित्र’ किंवा ‘रडवणारी’ एवढ्यावर न थांबता नेमक्या कोणत्या चौकटीने आपल्याला अस्वस्थ केले, हे कृपया लिहावे. शरीराने जोडलेल्या जुळ्या बहिणींची ‘हानशिन’ ही १९८४ सालची छोटीशी कथा माझ्या मते संग्रहातील सर्वांत धारदार आहे. तिच्यावर अद्याप एकच अभिप्राय आला, याची मनापासून खंत वाटते. ज्यांच्याकडे संग्रहाची प्रत आहे, त्यांनी ती शनिवारच्या बैठकीत परत आणावी, कारण चार सभासद तिची वाट पाहत आहेत.