समुपदेशक ताईंना मनापासून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

दादागिरी करणाऱ्यासमोर कसं उभं राहायचं, हे तुम्ही मुलांना शिकवलंत. नुसतं "घाबरू नकोस" म्हणून सोडून दिलं नाहीत, म्हणून हे पत्र. सांगून भीती जात नाही. तुम्ही सुरुवात केलीत ती पाय, नजर आणि आवाजापासून. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, हात मोकळे, नजर समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध. डोळ्याला डोळा भिडवायला कचरणाऱ्या मुलालाही एवढं जमतं. मग एकदाच, "थांब. मला हे चालणार नाही." आणि उत्तराची वाट न बघता, मोठं माणूस असेल तिकडे चालू लागायचं.

हे फसतं कुठे, तेही तुम्ही करून दाखवलंत. पुष्कळ मुलं भीतीनं हसतात आणि बघणाऱ्यांना वाटतं, गंमत चाललीय. "असं का करतोस?" विचारलं की वादाला तोंड फुटतं, त्रास देणाऱ्याला तेच हवं असतं. वाक्याच्या शेवटी आवाज चढला की ती विनवणी वाटते, म्हणून "नाही" खालच्या पट्टीत. ऐन वेळी काही सुचत नाही, तोंडात बसलेलंच बाहेर येतं. म्हणून जोड्या लावून घेतलेला तुमचा सराव फार मोलाचा.

"एक मारली तर दोन लगाव" हा सल्ला तुम्ही ठामपणे खोडून काढलात. समोर थोराड मुलगा किंवा टोळकं असलं की मार वाढतो, वर शिक्षा दोघांनाही. वाट अडवली, हात उगारला, एकटं गाठलं, तर बोलत बसायचं नाही. ओरडायचं आणि निघायचं.

सगळ्यांत जास्त आभार बघ्या मुलांसाठी. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवरच्या चित्रीकरणाचा २००१ सालचा अभ्यास सांगतो की दुसरी मुलं मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास १० सेकंदांच्या आत थांबला. पण मध्ये पडणारी मुलं थोडीच. तुम्ही त्यांना भांडायला सांगितलं नाहीत, सोपी वाट दिलीत: त्रास देणाऱ्याकडे बघायचंही नाही, मित्राशेजारी जायचं आणि म्हणायचं, "चल, बाईंनी बोलावलंय." एवढं तर लाजऱ्यातलं लाजरं मूलही करू शकतं.

आम्हा मोठ्यांनाही तुम्ही शिकवलंत. मूल सांगू लागलं की "तू आधी काय केलंस?" हा पहिला प्रश्न नको. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि कुणी पाहिलं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं. दोघांना समोरासमोर आणून "हात मिळवा" तर मुळीच नाही. त्रास सोसलेलं मूल तिथे खरं बोलत नाही आणि नंतर त्याला त्याचीच किंमत मोजावी लागते.

त्रास देणाऱ्या मुलाचंही तुम्ही वेगळं बसवून ऐकून घेतलंत, चारचौघांत त्याचं नाव घेतलं नाहीत. त्याच्या घरच्यांच्या वतीनेही आभार.

तुमचे,
शिक्षक आणि पालक