शिरपूरच्या ताई, हे पत्र तुझ्यासाठी

ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तू लगेच विषय बदलतेस म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल तुला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जर्मनीहून पारोळ्याला माहेरी आलेय. इथे जो तो जर्मनीचंच विचारतो, 2024 ला आपल्या महाराष्ट्र सरकारचा तिकडच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार झाला तेव्हापासून तर नर्सिंग केलेल्या पोरी काय, ड्रायव्हर पोरं काय, सगळ्यांनी तेच मनावर घेतलंय. भाषा किती यावी लागते, पगार किती, खोली मिळते का, सगळं विचारतात पण गाडीच्या लायसनचं कोणीच विचारत नाही. मग मीच सांगायला बसते, आणि जे सांगते ते सगळं तुझ्याकडूनच शिकलेलं असतं.

माझं काम तुला माहितीय पण बाकीच्यांसाठी सांगते, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन इन्सुलिन द्यायचं, ड्रेसिंग करायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, आणि पेशंटची गावं अशी लांब लांब की पहाटे तिकडे जाणारी बसच नसते, कंपनीची छोटी गाडी घेऊनच निघावं लागतं. गाडी नाही तर ते काम नाही. निघायच्या आधी जळगावच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलेलं होतं, हजार रुपये फी, आणि त्याच्यावर एक वर्षाची मुदत. कामावरचे लोक पण म्हणाले की वर्षभर टेन्शन नाही, चालव बिनधास्त.

तू एकटीने थांबवलंस. म्हणालीस, परमिट म्हणजे फक्त आपल्या लायसनचं भाषांतर गं, त्याची मुदत वर्षाची असेना का, तिथे राहायला लागल्यापासून सहा महिने झाले की आपलं लायसन जर्मनीत चालत नाही, मग ते जळगावचं एमएच 19 चं असो की धुळ्याचं एमएच 18 चं. त्यानंतर गाडी चालवली तर नुसती पावती फाडून सुटका नाही, तो तिथे गुन्हा धरतात, एक वर्षापर्यंत जेल होऊ शकते, आणि अपघात झालाच तर इन्शुरन्सवाले पैसे आपल्याकडून वसूल करायला येतात. माझं तोंड उतरलेलं बघून तू म्हणालीस, "घाबरू नको वं माय, आजच फॉर्म भरू." आणि खरंच त्याच संध्याकाळी भरायला बसवलंस.

जपान, दक्षिण कोरिया अशा देशांचं लायसन तिथे परीक्षा न देता बदलून मिळतं, आपला देश त्या यादीत नाही म्हणून आपल्याला लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावी लागतात. पण क्लासची सक्ती नाही, आणि हेच लोकांना कळत नाही. एका ड्रायव्हिंग स्कूलने मला नवशिक्यांचं अख्खं पॅकेज सांगितलं होतं, सगळे थिअरीचे तास, सगळे ड्रायव्हिंगचे तास, तेव्हा तू माझ्या हातातून फोन घेतलास आणि त्यांना त्यांच्याच भाषेत शांतपणे समजावलंस की हिच्याकडे भारताचं चालू लायसन आहे, हिला परीक्षेपुरती तुमची गाडी आणि शेजारी बसायला तुमचे सर हवेत, बाकी जेवढं गरजेचं वाटेल तेवढेच तास ती घेईल. माझा केवढा पैसा वाचला त्यात. डोळ्यांची तपासणी सगळ्यांनाच लागते, फर्स्ट एडचा कोर्स पण लागतो, पण नर्स म्हणून तिथे मान्यता असेल तर कोर्समधून सूट मिळते, हे पण तूच शोधून काढलंस.

लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदी-मराठीत नाही. तीस प्रश्न, चुकीचे दहापेक्षा जास्त पॉइंट झाले की नापास. तू स्वतःची ड्युटी करून रात्री व्हिडिओ कॉलवर एकेक प्रश्न अहिराणीत सोडवून सांगायचीस. जिथे बोर्ड नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे पण आपल्याकडे चौकात ज्याने आधी गाडी घातली तो पुढे, ते अंगात मुरलेलं असतं. लायसन नसताना ओळखीच्या गाडीवर सराव करायची तिथे परवानगी नाही म्हणून रविवारी तू मला तुझ्या वस्तीतून पायी फिरवायचीस, प्रत्येक कोपऱ्यावर उभं करून विचारायचीस, सांग आता आधी कोण जाईल. कधी स्वतः गाडी चालवायचीस आणि मला बाजूला बसवून मोठ्याने बोलायला लावायचीस, आरसा बघ, मान वळवून खांद्यामागे बघ, उजवीकडे वळताना सायकलवाला सरळ येतोय का बघ. परीक्षेत नेमकी एक आजी सायकलवर मागून आली आणि मी थांबले, बाजूचे सर काही बोलले नाहीत पण मला तेव्हाच कळलं की झालं आपलं काम.

ताई, तुझी पण नोकरी, दोन लहान लेकरं, आणि मी तुझ्या ना नात्यातली ना गावातली. शिरपूर आणि पारोळं म्हणजे तिकडे एकच गाव असं तू म्हणायचीस. माझ्या आईला तर वाटतं तू तिचीच लेक आहेस. आज माझ्या पेशंटच्या दारात मी वेळेवर पोचते ते तुझ्यामुळे, हे मला लिहून ठेवायचं होतं.

आमच्या गल्लीतली एक पोरगी दिवाळीनंतर निघतेय तिकडे. तिला तुझा नंबर देऊ का ते कळव, तिला मी सगळं सांगितलंय पण तू सांगितलेलं वेगळंच असतं. आणि आईने बिबड्या आणि नागलीचे पापड बांधून ठेवलेत तुझ्यासाठी, मागच्या वेळेसारखं वजन जास्त होईल म्हणू नकोस, मी माझे कपडे कमी केलेत.

तुझीच,
पारोळ्याची लहान बहीण